डॉक्टरांचे नाव कशाने होते?

गेल्या कोजागरीला मंडळाचे दूधपान आटोपल्यावर एक तरुण सहव्यवसायी मला बाजूला घेऊन गेले. नुकतेच एम.डी. होऊन त्यांनी शहराच्या नव्या भागात स्वतःचे चिकित्सालय सुरू केले आहे. त्यांच्या मोबाईलवर एका जाहिरात-संस्थेने पाठविलेले दरपत्रक होते. बोधचिन्ह, छायाचित्रासह रात्री उजळणारा फलक, महिन्याला बारा चित्रफिती, समाधानी पालकांच्या मुलाखती, गूगलवरील ताऱ्यांची 'व्यवस्था' आणि नकाशावर पत्ता व वेळ, अशा सहा बाबी आणि प्रत्येकीसमोर रक्कम. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'डॉक्टरसाहेब, तुमचा ब्रँड आम्ही घडवू.' "सर, एवढा खर्च करावा का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता. मी त्या वेळी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली. पुढे संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ते राहिलेले उत्तर नीट द्यावे असे वाटले. वाचकांत डॉक्टर आहेत तसेच समाजातील बंधुभगिनीही आहेत. विषय दोघांचाही आहे, कारण डॉक्टरांचे नाव जितके डॉक्टर करतात तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, त्यांच्याकडे जाणारे लोक करतात.

'ब्रँड' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ तापलेल्या लोखंडाने उमटविलेला डाग असा आहे. गुरे कोणाची ते ओळखू यावे म्हणून त्यांना तसा डाग देत. बालरोगतज्ज्ञाला हा अर्थ वाचून जरा वेगळीच आठवण होते. निवासी डॉक्टर असताना आमच्या कक्षात न्यूमोनियाची अशी बाळे येत, ज्यांच्या पोटावर किंवा छातीवर गावातल्या कोणा जाणत्याने तापल्या सळीचे डाग दिलेले असत. मध्य प्रदेशाच्या काही भागांतून ही 'दागना' प्रथा अद्याप पुरती गेलेली नाही. आणि असे डाग देणाऱ्या माणसाचे पंचक्रोशीत मोठे नाव असे, त्याच्या दारात रांग लागत असे, हेही येथे मुद्दाम नमूद करतो. नाव मोठे आहे म्हणजे उपचार योग्य आहे, असे समजणे किती धोक्याचे आहे याचा पहिला धडा मला तेथे मिळाला होता. तो मी पुढे विसरलो, ती हकीकत ओघाने येईलच.

हातगुणाची गोष्ट

आपल्या घरांतून 'अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' असे सर्रास म्हटले जाते. हे ऐकायला कोणाला आवडत नाही? परंतु हा हातगुण येतो कोठून, हे थोडे शास्त्राच्या अंगाने पाहिले पाहिजे.

लहान मुलांना येणारे बहुसंख्य ताप विषाणूंमुळे येतात आणि तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतात. सर्दी साधारण आठवडाभर राहते, खोकला त्याहूनही अधिक रेंगाळतो. आता समजा, पहिल्या दिवशी बाळाला घराजवळच्या डॉक्टरांकडे नेले, दुसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून आत्याने सुचविलेल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे आणि चौथ्या दिवशी सकाळी तिसऱ्या डॉक्टरांकडे. चौथ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरतो. तो तसाही उतरणारच होता. पण घराण्यात तिसऱ्या डॉक्टरांचा हातगुण कायमचा नोंदला जातो आणि पहिल्याला 'त्यांच्याकडे फरक पडला नाही' हा शेरा मिळतो. पहिल्या डॉक्टरांनी 'केवळ पॅरासिटामॉल द्या, चार दिवस लागतील' असे अगदी योग्य सांगितले असले तरीही.

म्हणजे बालरोग-व्यवसायात नावाचा एक भाग निसर्ग करतो आणि श्रेय आपण घेतो. ज्याला लवकर नाव हवे आहे त्याच्यासमोर येथे एक मोह उभा राहतो. ताप उतरण्याची घाई केली, सुई टोचली, तीन-चार औषधे एकदम दिली, तर निसर्गाच्या कामावर आपली मोहोर जरा अधिक ठळक उठते. पालकही खूश होतात. असो. हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही.

माझे पहिले नाव

मी १९९८ मध्ये इंदूरच्या जुन्या वस्तीत दवाखाना थाटला. वडील शाळामास्तर, पाठीशी वैद्यकाची परंपरा नाही, भांडवल म्हणजे एम.डी. ची पदवी आणि बँकेचे कर्ज. शेजारी दोन अनुभवी डॉक्टर. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सात-आठ मुले येत. मग हळूहळू मी शिकलो. जे शिकलो ते महाविद्यालयात शिकविलेले नव्हते. तापाच्या मुलाला निमेसुलाइडचे पातळ औषध द्यायचे, सोबत प्रतिजैविकाचे एखादे इंजेक्शन. निमेसुलाइडने ताप झपाट्याने उतरे. त्या काळी ते औषध आपल्याकडे मुलांना मुक्तहस्ताने दिले जात होते. यकृतावरील दुष्परिणामांच्या शंका पुढे आल्यावर स्पेन व फिनलंड येथे २००२ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली, आणि भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी त्यावर बंदी आली ती फेब्रुवारी २०११ मध्ये. दोन वर्षांत माझ्याकडे पन्नास-पन्नास मुलांची रांग लागू लागली. "एक सुई में बुखार उतार देते हैं," असे लोक एकमेकांना सांगत. हा माझा ब्रँड होता. त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागला नव्हता आणि मला त्याचा अभिमान होता.

ऑगस्ट २००१ मध्ये चौदा महिन्यांचा एक मुलगा आला. दोन दिवसांचा ताप, सतत किरकिर, दूध कमी. बाहेर बरीच गर्दी होती. मी त्याची टाळू चाचपून पाहिली का, मान पाहिली का, हे आजही मला शपथेवर सांगता येणार नाही. पाहिले असेल तर ते कोठे लिहिले नाही, एवढे नक्की. नेहमीप्रमाणे इंजेक्शन दिले, निमेसुलाइड दिले. ताप उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला, पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला झटका आला आणि घरच्यांनी त्याला एका मोठ्या रुग्णालयात नेले. पाठीच्या कण्यातील पाणी तपासले. पेशी पुष्कळ वाढलेल्या, साखर कमी, परंतु संवर्धनात जंतू उगवेना. मेंदूच्या आवरणाचा जंतुदाह, आधीच्या प्रतिजैविकाने अर्धवट दबलेला. जंतू कोणता ते कळणे त्या दोन इंजेक्शनांनी अशक्य करून ठेवले होते.

रात्री साडेदहाला तेथील निवासी डॉक्टरांचा फोन आला. "सर, आपण कोणते इंजेक्शन दिले होते? मात्रा किती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसांत मी तीन निरनिराळी प्रतिजैविके वापरीत असे आणि चिठ्ठीवर फक्त 'इंजेक्शन दिले' एवढेच लिहीत असे. पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग ते सभ्यपणे "ठीक आहे सर" म्हणाले आणि फोन ठेवला.

मुलगा वाचला. मात्र त्याचे दोन्ही कानांचे ऐकू येणे गेले. वेळेवर व योग्य उपचार होऊनही या आजारात काही मुलांची श्रवणशक्ती जाते, हे खरे आहे. हे वाक्य मी स्वतःला अनेक वर्षे ऐकविले आहे. ते दोन दिवस वाया गेले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. पालकांना मी तेव्हा काहीच बोललो नाही. तीन वर्षांनी, २००४ मध्ये, त्यांच्या घरी जाऊन सांगितले. वडील बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आप पर तो भरोसा था." ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आले नाही. त्यांचे बरोबरच होते.

नाव पुसणे आणि पुन्हा लिहिणे

त्या फोननंतर मी जे बदल केले ते एका रात्रीत झाले, अशी प्रौढी मारणार नाही. सहा-आठ महिने लागले. प्रथम तापासाठी इंजेक्शन देणे बंद केले. मग प्रत्येक मुलासाठी जाड पिवळ्या कागदाचे घडीचे एक कार्ड छापून घेतले. आत वजन-उंचीचा आलेख, लसींचा तक्ता आणि प्रत्येक भेटीसाठी तीन ओळी: काय तपासले, काय वाटते, काय दिले. औषधाचे मूळ नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये. कार्ड पालकांकडे राहते, म्हणजे मूल मध्यरात्री कोणत्याही रुग्णालयात गेले तरी तेथील डॉक्टरांना मला फोन करण्याची गरज पडू नये.

कार्डाच्या मागच्या बाजूस 'वाट न पाहता या' असा मथळा आणि खाली काही लक्षणे छापली आहेत. समाजातील वाचकांच्या उपयोगाची म्हणून ती येथे देतो. तीन महिन्यांखालील बाळाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप येणे, मग ते बाळ कितीही हसतेखेळते दिसो. मूल पिणे सोडणे किंवा प्यायलेले सर्व उलटून टाकणे. सहा ते आठ तास लघवी न होणे. झटका येणे. अंगावर दाबूनही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके उमटणे. ताप उतरल्यावरही मूल सुस्त राहणे, अथवा कडेवर घेतल्यावरही किरकिर न थांबणे. आणि श्वास जलद होणे. श्वास मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावयाचा. दोन महिन्यांखालील बाळात साठ व त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास व अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस व अधिक असेल तर तो जलद समजावा. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही: दर किलोस पंधरा मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत किमान चार तास, शक्यतो सहा तास अंतर. बाजारात याच औषधाची वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे मिळतात, त्यामुळे 'मागच्या वेळेसारखे अर्धे झाकण' ही पद्धत सोडून द्यावी.

परिणाम काय झाला? पहिल्या वर्षी गर्दी निम्म्यावर आली. कर्जाचे हप्ते पत्नीच्या शिक्षिकेच्या पगारातून जाऊ लागले. रामबागेतील एक आजी मला तोंडावर म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही फार शिकलात बाई, पण सुई देत नाही, मग यायचं कशाला?" त्यांना समजावून सांगण्यास मला पंधरा मिनिटे लागली आणि त्या तरीही शेजारच्या डॉक्टरांकडे गेल्या. औषध लिहिण्यास एक मिनिट पुरते, औषध का नको ते सांगण्यास पंधरा लागतात, आणि शुल्क दोहोंचे सारखेच. आपल्या व्यवसायातील ही आर्थिक अडचण खरी आहे आणि तरुण डॉक्टरांना उपदेश करणाऱ्यांनी ती लपवू नये.

माणसे परत येऊ लागली ती तिसऱ्या वर्षापासून. पुष्कळशी अशा घरांतून, जेथे एखादे मूल रात्री अत्यवस्थ झाले होते आणि कार्डावरील लक्षण ओळखून आईने त्याला वेळेत हलविले होते. २००८ च्या सुमारास बाहेर एका रिक्षावाल्याने एका पालकाला "पीले कार्ड वाले डॉक्टर" असा माझा पत्ता सांगितलेला मी स्वतः ऐकला. जाहिरातशास्त्रात ज्याला वेगळी ओळख म्हणतात ती हीच असावी. पिवळा रंग मी ओळखीसाठी निवडला नव्हता. छापखान्यात तो कागद स्वस्त पडत होता, एवढेच कारण.

एका पाकिटाचे नाव

या संदर्भात आपल्याच शाखेतील एका मोठ्या माणसाची आठवण करणे उचित होईल. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर खाटा भरून जमिनीवर निजलेले रुग्ण होते आणि शिरेतून देण्याचे द्रव संपत आले होते. तोंडावाटे द्रव देण्याचा शास्त्रीय पाया ढाका व कोलकाता येथील संशोधकांनी १९६० च्या दशकात घातला होता, परंतु ते काम प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे असा समज होता. महालनबीसांनी बावीस ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा एक लिटर पाण्यात, हे मिश्रण थेट रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. आज जगभर वापरले जाणारे, २००२ मध्ये सुधारलेले सूत्र थोडे निराळे आहे: साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट व दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड.

ऑक्टोबर २०२२ मध्ये महालनबीस वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात बसलेल्या सुशिक्षित पालकांना मी सहज विचारले. त्यांचे नाव एकालाही ठाऊक नव्हते. 'ओआरएस' हे शब्द मात्र प्रत्येकाच्या तोंडी होते.

आता या कथेचा उत्तरार्ध पाहा, कारण तो आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. त्या तीन अक्षरांवर लोकांचा इतका विश्वास बसला की साखरेची भर असलेली फळांच्या चवीची पेये याच अक्षरांच्या आधाराने औषधांच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. जुलाब झालेल्या मुलाला अधिक साखर दिली तर आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या प्रश्नाचा सुमारे आठ वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावांत 'ओआरएस' हा शब्द वापरण्यास मनाई केली. या कामात त्यांनी समाजमाध्यमांवरील चित्रफितींचा पुष्कळ उपयोग केला. चित्रफितींना माझा सरसकट विरोध आहे असे कोणी समजू नये म्हणून हे सांगितले. त्यांना देशभर नाव मिळाले ते एका प्रश्नाचा न थकता पाठलाग केल्याने. चित्रफीत हे त्या कामाचे साधन होते.

नियम काय सांगतात

आता त्या दरपत्रकाकडे वळू. भारतीय वैद्यक परिषदेची व्यावसायिक वर्तन, शिष्टाचार व नीतिमत्ता याविषयीची विनियमावली २००२ ची आहे. परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली काढली, तीत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र मार्गदर्शन होते. परंतु त्याच महिन्यात ती स्थगित होऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. कित्येक सहव्यवसायींनी ते कधी वाचलेच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

त्यांनुसार फलक अवाजवी मोठा नसावा. त्यावर नाव, मान्यताप्राप्त पदव्या, विशेष शाखा आणि राज्य परिषदेच्या नावासह नोंदणी क्रमांक, इतकेच असावे. जेथे आपण राहत नाही वा काम करीत नाही तेथे, उदाहरणार्थ औषधाच्या दुकानावर, फलक लावू नये. फलकावर किंवा चिठ्ठीच्या कागदावर स्वतःचे छायाचित्र छापणे ही आत्मजाहिरात मानली जाते. व्यवसाय सुरू करताना, पत्ता बदलताना, काही काळ बाहेर जाताना व परत आल्यावर वृत्तपत्रात सूचना देण्यास हरकत नाही. सार्वजनिक आरोग्यावर आपल्या नावाने लिहिणे, व्याख्यान देणे, आकाशवाणी-दूरचित्रवाणीवर बोलणे यांसही मुभा आहे. त्यातून रुग्ण ओढण्याचा हेतू मात्र नसावा. नोंदणी क्रमांक चिठ्ठी, दाखला व पावती या तिन्हींवर हवा. रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्या लागतात आणि मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. २००१ मधील त्या फोनची आठवण झाली की हे शेवटचे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

समाजातील वाचकांना एक विनंती. फलकावर नोंदणी क्रमांक दिसत नसेल तर तो विचारावा. यात डॉक्टरांचा अपमान नाही.

ताऱ्यांविषयी थोडेसे. एखाद्या पालकाने गूगलवर वाईट अभिप्राय लिहिला की हात शिवशिवतात. माझ्याविषयी एका गृहस्थांनी 'दोन तास बसवून ठेवले आणि औषध दिलेच नाही' असे लिहिले आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. उत्तर देताना मुलाचा आजार, तारीख, तपासणी यांतील काहीही उघड करणे हा गोपनीयतेचा भंग ठरतो. म्हणून 'आपल्याला ताटकळावे लागले याबद्दल दिलगीर आहे, कृपया भेटावे' यापुढे मी जात नाही. पैसे देऊन तारे वाढविणे हा तर खोटा दाखला देण्याचाच प्रकार झाला.

उसने नाव

आपल्या नावाशेजारी दुसऱ्याचे नाव किती सहज येऊन बसते, याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. औषध-कंपनीने छापून दिलेले चिठ्ठ्यांचे कागद, भिंतीवरचे घड्याळ, टेबलावरचे कॅलेंडर. माझ्या पहिल्या दवाखान्यातील वजनकाट्यावरही एका औषधाचे नाव होते. बालरोगतज्ज्ञांच्या बाबतीत कायदा येथे अधिक कडक आहे. शिशुदुग्ध-पर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांविषयीचा १९९२ चा कायदा आणि त्याची २००३ ची दुरुस्ती यांनुसार अशा उत्पादकांनी आरोग्य-कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना कोणताही आर्थिक लाभ देणे, परिषदा-चर्चासत्रांना पैसे पुरविणे निषिद्ध आहे. म्हणजे डब्याच्या दुधाच्या कंपनीची जाहिरात उद्या कोणी या स्मरणिकेसाठी आणली, तर संपादकांनी ती परत करणेच इष्ट.

आणि छिंदवाड्याची घटना आपण मध्य प्रदेशातील डॉक्टरांनी तरी विसरू नये. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परासिया भागात खोकल्याच्या पातळ औषधातील डायएथिलीन ग्लायकॉलमुळे मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालके दगावली. विष मिसळले गेले कारखान्यात. कोणाचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. लिहून देणाऱ्या डॉक्टरला बाटलीत काय आहे हे दिसत नाही, हा सहव्यवसायींचा युक्तिवादही मला मान्य आहे. पण ज्या सर्दी-खोकल्यासाठी ते औषध दिले जात होते त्यातील बहुतेक औषधाविनाच बरे होतात, हे आपणांस दिसत होते. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरात पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना अशी औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या निम्म्या पालकांनी पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि विचारले, "ही द्यायची का?" त्यांतील दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या माझ्या होत्या. एका औषधाची गरज मी आजही समर्थनीय मानतो, दुसऱ्याची नाही. तसे मी त्या आईला सांगितले आणि कार्डावर लिहून दिले.

तरुण मित्रास उत्तर

तेव्हा, प्रिय डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. सहापैकी चार बाबी नियमांत बसत नाहीत किंवा काठावर आहेत. बोधचिन्ह हौसेचा भाग आहे. पत्ता व वेळ अचूक नोंदविणे मात्र आवश्यक, कारण तापाने फणफणलेले मूल घेऊन निघालेल्या बापाला बंद दाराशी आणणे हे पाप आहे. उरलेल्या पैशांतून दूरध्वनीवर बसणाऱ्या ताईंचा पगार वाढवावा. माझ्या निम्म्या नावाचे श्रेय गेली एकोणीस वर्षे फोन घेणाऱ्या बाईंकडे जाते. कोणत्या मुलाला रांग मोडून आत घ्यायचे हे त्या आवाजावरून ओळखतात. नोंदी संगणकावर ठेवण्याची व्यवस्था करावी. आणि आपल्या वस्तीत कोणता प्रश्न अधिक आहे, रक्तक्षय, दमा, मतिमंदत्व की वर्गात मागे पडणारी मुले, हे वर्षभर पाहून एक विषय निवडावा आणि त्यात दहा वर्षे घालवावी. जे आपणांस येत नाही त्यासाठी कोणाकडे पाठवायचे, याची यादीही तयार असावी. 'हे मला कळत नाही, यांच्याकडे जा' असे सांगितल्याने माझा एकही रुग्ण कायमचा गेला नाही.

हा लेख लिहीत असतानाच त्यांचा फोन आला. दरपत्रकातील नकाशाची बाब त्यांनी ठेवली, चित्रफितींचा विचार पुढे ढकलला आणि फलक नव्याने रंगवून घेतला. तो पाहण्यास मी गेलो. छान, लहान, स्वच्छ अक्षरांतील पाटी होती. फक्त नोंदणी क्रमांकातील दोन आकड्यांची रंगाऱ्याने अदलाबदल केली होती. ते दुरुस्त करून घ्या, असे सांगून मी परत आलो.